ग्रेफ्रायर्सचे कबरस्थान आणि भुताची गोष्ट

खेड्यापाड्यांतील आपल्या मंडळ्यांमधून जे प्रश्न उपदेशकांपुढे वारंवार येतात, त्यांत भुताखेतांविषयीचा प्रश्न फार जुना आहे. बाप्तिस्मा घेऊन वीस वर्षे झालेला मनुष्यही तिन्हीसांजेनंतर कबरस्थानाच्या वाटेने जाण्यास धजत नाही. घरात लेकराला ताप भरला म्हणजे आजी हळूच म्हणते, "बाहेरचे काही लागले असेल," आणि पाळकाच्या नकळत उतारा टाकला जातो. मग रविवारची उपासना आटोपल्यावर कोणी प्रामाणिक मनुष्य विचारतो, "पाळकसाहेब, भूत आहे की नाही, एवढे एकदा सांगून टाका." या प्रश्नाचे उत्तर आम्ही नेहमी देत असतो. मेलेला मनुष्य देवाच्या हाती आहे. धनवान मनुष्य व लाजर यांच्या दृष्टांतात प्रभूने दोहोंकडील लोकांमध्ये जी मोठी दरी सांगितली, ती ओलांडून कोणी आपल्या बांधावर येऊन बसत नाही. एवढे आमच्या दृष्टीने पुरे आहे.

परंतु या लेखात आम्हांस त्याच्या शेजारचा एक प्रश्न घ्यावयाचा आहे, व तो आमच्या मते अधिक कठीण आहे. भूत आहे की नाही हा वाद क्षणभर बाजूला ठेवला, तरी भुताची गोष्ट सांगणाऱ्याच्या व ऐकणाऱ्याच्या मनाचे त्या गोष्टीने काय होते? ती आपणांस कोणाचे स्मरण करून देते, आणि कोणास विसरावयास लावते?

भुताची भीती ही केवळ आपल्याच खेड्यांची मिरास आहे असे कोणी समजू नये. स्कॉटलंडातील मंडळ्यांस भेट देण्याचा प्रसंग आला असता आम्ही काही दिवस एडिंबरा नगरात होतो. हे नाव महाराष्ट्रातील ख्रिस्ती लोकांस परके नाही. डॉ. जॉन विल्सन त्याच नगराच्या विद्यापीठात शिकून १८२९ साली मुंबईस आले. नागपुरास हिस्लॉपसाहेब आले ते स्कॉटलंडच्याच मिशनातून. आणि जालन्याजवळ बेथेल गाव वसविणारे नारायण शेषाद्री हेही त्याच मिशनाचे फळ. अशा नगरात, जेथे सुधारणेची शिकवण साडेचारशे वर्षे दिली गेली, तेथे भुताच्या गोष्टीसाठी सर्वांत प्रसिद्ध जागा कोणती, तर एका मंदिराचे आवार. त्याचे नाव ग्रेफ्रायर्स. करडा झगा घालणाऱ्या फ्रान्सिस्कन बंधूंचा मठ पूर्वी तेथे होता, म्हणून हे नाव पडले. १५६२ साली मेरी राणीने ती जमीन नगराला कबरस्थानासाठी दिली, आणि तेथील मंदिरात १६२० साली उपासना सुरू झाली. ती आजही चालू आहे.

आम्ही गेलो तेव्हा भर दुपार होती. आवारात हिरवळ, मोठी झाडे, आणि भिंतींना लागून उंच उंच दगडी स्मारके. त्यांतील जुन्यांवर कवट्या, हाडे, सांगाडे आणि वाळूची घटिकायंत्रे कोरलेली आहेत. आपल्याकडील एखाद्या बाईने ती पाहिली तर पदर तोंडाला लावील. परंतु ती चित्रे भिववण्यासाठी कोरलेली नाहीत. त्या काळच्या लोकांची रीत अशी होती, की पाहणाऱ्याने आपल्याही मरणाची आठवण धरावी. दगडावरची कवटी म्हणते, तूही एक दिवस मरशील, तर आज नीट वाग. भुताची गोष्ट म्हणते, हा मेलेला तुला धरील, तर पळ. या दोन बोलण्यांत किती अंतर आहे ते वाचकांनी पाहावे. पहिले मनुष्यास स्वतःकडे वळवते. दुसरे त्याला स्वतःपासून दूर नेते.

त्याच आवारात एक-दोन कबरींवर लोखंडी गजांचे भक्कम पिंजरे बसविलेले आहेत. अजाण मनुष्यास वाटावे की आतील मेलेला बाहेर येऊ नये म्हणून हे केले असेल. वास्तविक प्रकार उलटा आहे. दोनशे वर्षांपूर्वी एडिंबरा येथे वैद्यकशाळा फार भरभराटीस आल्या होत्या. शिकवण्यासाठी प्रेते हवी असत, आणि चोर रात्री ताज्या कबरी उकरून प्रेते विकीत. म्हणून ज्यांस परवडत असे ते पिंजरे बसवीत. १८२८ साली त्याच नगरात बर्क व हेअर या दोघांनी तर प्रेते विकण्यासाठी जिवंत माणसांचे खून केले. बळींची संख्या सोळा होती. पुढे १८३२ साली कायदा होऊन प्रेतांचा पुरवठा रीतसर झाला, म्हणजे काय, तर ज्यांस कोणी वाली नाही अशा गरिबांची प्रेते वैद्यकशाळांस मिळू लागली. तेव्हा तेथे जिवंतांस मेलेल्यांपासून फारसे भय नव्हते. मेलेल्यांसच जिवंतांपासून होते, आणि मेलेल्यांतही गरिबांस अधिक.

(दारापाशी एका लहान कुत्र्याचा पुतळा आहे. धनी मेल्यावर तो चौदा वर्षे त्याच्या कबरीपाशी राहिला अशी गोष्ट सांगतात. प्रवाशांची सर्वांत मोठी गर्दी त्या कुत्र्याभोवती असते. कुत्र्याच्या इमानाचा आम्हांस हेवा नाही. पण दोनशे पावलांवर जे आहे तिकडे त्यांतील थोडेच जातात, हे आम्ही पाहिले.)

आता भुताकडे येऊ. आवाराच्या दक्षिणेकडे घुमट असलेले एक वाटोळे, काळवंडलेले थडगे आहे. त्यात सर जॉर्ज मॅकेंझी यांस पुरले आहे. हा गृहस्थ १६७७ पासून अनेक वर्षे स्कॉटलंडात राजाचा मुख्य सरकारी वकील होता. लोकांनी त्यास "रक्तपिपासू मॅकेंझी" असे नाव दिले. त्या नगरातील मुले पिढ्यान्‌पिढ्या या थडग्यापर्यंत धावत जाऊन, दाराच्या फटीतून त्यास "हिंमत असेल तर बाहेर ये" अशा अर्थाचे यमक ओरडून, पाय लावून पळत असत. हे नाव त्यास का पडले हे समजण्यासाठी थोडा इतिहास सांगितला पाहिजे. वाचकांनी कंटाळू नये.

इंग्लंड व स्कॉटलंडचा राजा पहिला चार्ल्स याने १६३७ साली स्कॉटलंडच्या मंडळीवर आपल्या मर्जीचे प्रार्थनापुस्तक लादले. मंडळीच्या उपासनेत राजाने हात घालू नये असे म्हणणाऱ्या लोकांनी १६३८ च्या फेब्रुवारीच्या २८ तारखेस याच ग्रेफ्रायर्स मंदिरात एका करारपत्रावर सह्या करण्यास आरंभ केला. त्यावरून त्यांस "करारी" लोक म्हणू लागले. पुढे दुसऱ्या चार्ल्सच्या काळी त्यांचे पाळक मंदिरांतून काढून टाकण्यात आले, तेव्हा ते माळावर व डोंगरांच्या घळींत उपासना करू लागले. ज्या आपल्या मंडळ्या आजही चिंचेखाली किंवा कोणाच्या अंगणात जमतात, त्यांस हे चित्र सहज समजेल. १६७० साली असा कायदा झाला, की उघड्या माळावर उपदेश करणाऱ्यास मरणदंड. राजसभेपुढे कैद्यांच्या पायांस व अंगठ्यांस यंत्रे लावून त्यांच्याकडून कबुली घेत. लोक शेवटी शस्त्र घेऊन उठले, आणि १६७९ च्या जून महिन्यात बॉथवेल पुलापाशी राजाच्या सैन्याने त्यांचा मोड केला.

त्या लढाईतील सुमारे बाराशे कैदी एडिंबरा येथे आणून ग्रेफ्रायर्सलगतच्या भिंतीआडच्या मैदानात कोंडले. वर आभाळ, खाली माती, आणि खाण्यास थोडीशी भाकर. उन्हाळा गेला, पाऊस आला, थंडी आली. सुमारे पाच महिने हे चालले. राजाविरुद्ध पुन्हा शस्त्र धरणार नाही असे जो लिहून देई त्यास सोडीत. पुष्कळांनी लिहून दिले. काही पळाले, काही तेथेच मेले. त्या सह्या करणाऱ्यांचे स्मारक कोठे नाही, व त्यांविषयी कोणी बोलत नाही; परंतु घरी लेकरे उपाशी असताना ज्याने ओल्या मातीत चार महिने काढून मग अंगठा उठवला, त्यास भेकड म्हणण्याचा अधिकार आम्हांस तरी वाटत नाही. उरलेल्या सुमारे अडीचशे जणांस समुद्रापलीकडच्या वसाहतींत सक्तमजुरीस पाठविण्यासाठी नोव्हेंबरात एका जहाजावर चढवले. डिसेंबरच्या १० तारखेस ऑर्कनी बेटांच्या किनाऱ्यास ते जहाज वादळात फुटले. कैदी पळू नयेत म्हणून तळघराची झाकणे बंद केलेली होती. सुमारे दोनशे माणसे आत बुडाली.

यांपैकी कोणाचेही भूत ग्रेफ्रायर्सात नाही. भूत आहे ते मॅकेंझीचे.

१६९१ साली हा मनुष्य लंडन येथे आपल्या बिछान्यावर मेला. त्यास कोणी पकडले नाही, कोणत्या न्यायाधीशाने विचारले नाही. मानाने त्याचे प्रेत एडिंबरास आणून त्या सुंदर घुमटाखाली ठेवले. ज्यांना त्याने फासावर पाठविले, त्यांतील पुष्कळ त्याच आवाराच्या दुसऱ्या टोकास, चोर व खुनी यांना पुरण्याच्या जागी, मातीआड झाले होते. तेव्हा लोकांनी काय करावे? न्यायालय त्यांचे नव्हते, लेखणी त्यांची नव्हती. त्यांच्यापाशी एक गोष्ट सांगणे तेवढे होते, आणि त्यांनी सांगितले, की हा मनुष्य आपल्या कबरीत स्वस्थ पडू शकत नाही. म्हणजे भुताची गोष्ट हा प्रथम गरिबांनी दिलेला एक निवाडा होता. हे ध्यानात घेतल्यावर त्या गोष्टीस केवळ अडाणीपणा म्हणून हसवत नाही. आपल्याकडेही गहाण जमिनी गिळणारा सावकार मेल्यावर पिंपळावर बसतो असे म्हणतात, त्यात हाच भाव असतो.

येथवर आम्ही लोकांच्या बाजूचे आहोत. परंतु या निवाड्यात एक लबाडी शिरते, व ती हळूहळू शिरते. आपल्याच गावांकडे पाहा. सासरच्या छळाने एखादी सून विहिरीत जीव देते. वर्षभरात गावात बोलवा होतो, की त्या विहिरीवर हडळ आहे. त्या मुलीची हडळ झाली. तिला विहिरीपर्यंत लोटणाऱ्यांचे मात्र काहीच झाले नाही. ते दिवाळीत दारी दिवे लावतात व गावजेवणात पुढच्या पंगतीस बसतात. गाव त्या विहिरीस भिते, त्या घरास भीत नाही. भुताची गोष्ट सांगून गावाने आपल्या मनाची टोचणी विहिरीत टाकून दिली. एडिंबरात जुलूम करणारा भूत झाला आणि आपल्याकडे जुलूम सोसणारी. पण दोन्हीकडे परिणाम एकच, की जिवंतांचा हिशेब कोणी विचारीत नाही.

मॅकेंझीविषयी आणखी एक गोष्ट सांगावयाची आहे, आणि तिच्यासाठीच हा लेख आम्ही लिहावयास घेतला. हा मनुष्य राक्षस नव्हता. तो मोठा विद्वान होता. एडिंबरा येथे वकिलांचे जे प्रसिद्ध ग्रंथालय झाले त्याचा तो संस्थापक. तरुणपणी, १६६१ च्या सुमारास, चेटकिणींच्या खटल्यांत तो उपन्यायाधीश होता. त्या काळी स्कॉटलंडात शेकडो स्त्रियांस चेटकीण ठरवून मारीत. मॅकेंझीने १६७८ साली फौजदारी कायद्यावर ग्रंथ लिहिला. चेटूक मुळीच नाही असे तो म्हणत नाही. परंतु आरोप झालेले बहुतेक लोक गरीब व अडाणी असतात, छळून घेतलेली कबुली खरी मानता येत नाही, आणि सुया टोचून चेटकीण ओळखणारे भाडोत्री लोक ठक असतात, हे त्याने स्पष्ट लिहिले. त्याने एका बाईची हकीकत दिली आहे. तिने आपण चेटकीण असल्याचे कबूल केले होते. तो तिला तुरुंगात भेटला, तेव्हा तिने त्यास एकांतात सांगितले, की मी दोषी नाही. पण मी मजुरी करून पोट भरणारी आहे, आणि एकदा चेटकीण हे नाव पडल्यावर मला कोणी भाकर देणार नाही, आसरा देणार नाही, लोक मारतील व कुत्री अंगावर सोडतील. त्यापेक्षा या जगातून गेलेले बरे, म्हणून मी कबूल केले.

आपल्या देशात ज्या विधवांस व एकट्या बायांस आजही चेटकीण किंवा डाकीण म्हणून गावाबाहेर काढतात, त्यांतील कोणतीही बाई हेच शब्द बोलली असती. आणि एवढ्या वर्षांपूर्वी हे दुःख ऐकून लिहून ठेवणारा कोण, तर तोच "रक्तपिपासू" मॅकेंझी!

याहून अधिक लाजेची गोष्ट पुढे आहे, आणि प्रॉटेस्टंट वाचकांस ती कडू लागेल. ज्या करारी लोकांना आम्ही हुतात्मे म्हणून मानतो, त्यांच्याच पक्षाच्या हाती १६४९ व १६५० साली राज्याची सूत्रे होती, तेव्हा स्कॉटलंडात चेटकिणींचा मोठा पाठलाग झाला, व मंडळ्यांच्या पंचांनी त्यात पुढाकार घेतला. म्हणजे ज्यांनी विवेकबुद्धीसाठी मरण सोसले, त्यांच्या मंडळीने निराधार बायांस मारविले. आणि ज्याने त्या बायांचे रडणे ऐकले, त्याने माळावर प्रार्थना करणाऱ्यांचे रडणे ऐकले नाही.

असे का व्हावे? आम्ही त्या थडग्यापुढे उभे राहून याच गोष्टीचा विचार करीत होतो. आम्हांस वाटते ते असे. त्या गरीब बाईवर दया करण्यात मॅकेंझीचे काही जात नव्हते. राजाचा त्यात तोटा नव्हता, त्याच्या पदास धोका नव्हता. तेथे त्याची बुद्धी व अंतःकरण दोन्ही मोकळी होती. करारी लोकांची गोष्ट आली, की राजाची आज्ञा, आपले पद, राज्याची शांतता, हे सर्व मध्ये येऊन उभे राही, आणि मग तीच तीक्ष्ण बुद्धी कायद्याची कलमे शोधू लागे. करारी लोकांस वाटे की ते देवासाठी झटत आहेत, म्हणून चेटकिणींविषयी त्यांनी शंका घेतली नाही. मनुष्याचे डोळे सर्वत्र आंधळे नसतात. जेथे त्याचा स्वार्थ, त्याचा पक्ष किंवा त्याची भक्ती गुंतलेली असते तेवढ्याच जागी ते आंधळे असतात. म्हणूनच त्यास ते कळत नाही, कारण इतर सर्व ठिकाणी त्यास चांगले दिसत असते.

आणि नेमके हेच भुताची गोष्ट आपणांपासून लपवते. मॅकेंझी हा भूत आहे, सैतान आहे, असे म्हटले की त्याचा व आपला संबंध तुटला. आपण थोडेच भूत आहोत! परंतु तो जर शिकलेला, कनवाळू, मंदिरात जाणारा, आपल्या पदास जपणारा मनुष्य असेल, तर प्रत्येक पंच, प्रत्येक शिक्षक, प्रत्येक पाळक व प्रत्येक उपदेशक यास त्याच्याकडे पाहून दचकावयास हवे. ती भीती अंधारातली नव्हे. ती भर दुपारी यावयाची भीती आहे.

अलीकडची हकीकत थोडक्यात सांगतो. १९९८ च्या डिसेंबरात एक निराश्रित मनुष्य थंडीतून आसऱ्यासाठी त्या थडग्यात शिरला, आतील जुनी जमीन खचली, आणि तो घाबरून ओरडत बाहेर पळाला, असे सांगतात. तेव्हापासून तेथे कोणी बेशुद्ध पडते, कोणाच्या अंगावर ओरखडे उठतात, अशा वार्ता पसरल्या. नगरपालिकेने १९९९ साली कैद्यांच्या त्या जागेस कुलूप लावले. मग परवानगी घेऊन, पैसे देऊन, रात्री माणसांचे घोळके तेथे नेण्याचा धंदा सुरू झाला. मूळ मैदानाचा थोडा भागच आता उरला आहे, आणि त्यात पुढच्या काळातील सधन कुटुंबांच्या कबरी आहेत. दाट काळोखात माणसे खेटून उभी केली, आधी तासभर भयंकर गोष्टी ऐकवल्या, आणि मग कोणाला भोवळ आली, तर त्यात नवल कसले? आपल्याकडे भगत डफ वाजवून अंगात आणतो, तो काही वेगळे करीत नाही. २००३ साली दोन अल्पवयीन मुलांनी थडग्यात शिरून एका प्रेताचे मस्तक काढून खेळ केला, व पुढच्या वर्षी त्यांच्यावर खटला चालला. भुताच्या गोष्टीने मेलेल्यांचा धाक वाढतो म्हणतात. येथे तर मान राखण्याची बुद्धीही उरली नाही.

परंतु आमचे मन त्या मुलांपेक्षा त्या निराश्रित मनुष्याकडे वारंवार जाते. ही गोष्ट हजारो लोकांनी हजारो लोकांस सांगितली असेल. तीत मॅकेंझीचे नाव आहे, थडग्याची लांबीरुंदी आहे, आरडाओरडा आहे. एवढ्या श्रीमंत नगरात, नाताळच्या महिन्यात, एका मनुष्यास कबरीत निजण्याची पाळी का यावी, हे मात्र विचारलेले आम्ही ऐकले नाही. मार्काच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात कबरांमध्ये राहणारा एक मनुष्य आहे. गावाने त्याला बेड्या घालून पाहिले, मग सोडून दिले. गावाच्या दृष्टीने तो भीतीची गोष्ट झाला होता. प्रभू नावेतून उतरला आणि त्याच्याशी बोलला, त्यास नाव विचारले. आणि शेवटी तो मनुष्य वस्त्र नेसून शुद्धीवर बसलेला लोकांनी पाहिला. मार्क लिहितो, की तेव्हा लोक भ्याले. इतके दिवस त्यास भीत होतेच; पण तो बरा झाल्यावरची भीती निराळी होती, कारण आता त्यास घरात घ्यावे लागणार होते.

उपदेशक बंधूंस या सर्वांतून काही व्यवहाराचे सुचवावे असे आम्हांस वाटते. कोणी भुताची गोष्ट सांगू लागला, तर लगेच "असे काही नसते" म्हणून त्यास गप्प करू नये. त्यास विचारावे, की ती बाई कोण होती? तिचे माहेर कोठले? ती कशाने मेली? त्या वेळी कोण कोण घरी होते? पोलिसांत कोणी कळवले होते काय? दोन-चार प्रश्नांत भुताची गोष्ट गावाच्या गोष्टीवर येते, आणि सांगणाराच थांबतो. कोण्या बाईस चेटकीण म्हणत असतील, तर तिच्या नावावर किती जमीन आहे व तिच्यावर कोणाचा डोळा आहे, हेही पाहावे. महाराष्ट्रात २०१३ साली जादूटोण्याविरुद्धचा कायदा झाला. त्यासाठी वर्षानुवर्षे झटणारे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा त्याच वर्षी २० ऑगस्टला पुण्यास खून झाला, व त्यांच्या मृत्यूनंतर तो कायदा अमलात आला. ते आपल्या धर्माचे नव्हते, कोणत्याच देवाचा आधार घेत नव्हते. परंतु त्या गरीब बाईचे ऐकून घेण्याच्या बाबतीत ते आपल्यातील पुष्कळांच्या पुढे होते, हे कबूल करण्यात आपली मानहानी नाही. अशा बाईच्या दारी उपदेशकाने दिवसाढवळ्या जाऊन बसावे, तिच्या हातचे पाणी प्यावे. गाव पाहते.

ग्रेफ्रायर्सच्या ईशान्येकडील भिंतीवर करारी हुतात्म्यांचा दगड आहे. १६६१ पासून १६८८ पर्यंत सुमारे अठरा हजार लोक त्या कार्यासाठी नाश पावले असे त्यावर कोरले आहे. ही संख्या फुगलेली आहे असे इतिहासाचे जाणते मानतात, आणि आम्हांसही हुतात्म्यांची संख्या वाढविण्याची गरज दिसत नाही. त्या दगडापुढे आम्ही बराच वेळ उभे होतो.

मॅकेंझीच्या थडग्याची आणखी एक गोष्ट तेथे सांगतात, ती भुताची नाही म्हणून कमी सांगितली जाते. लुटीच्या गुन्ह्यावरून फाशीची शिक्षा झालेला एक तरुण मुलगा अठराव्या शतकात तुरुंगातून निसटला आणि त्या थडग्यात जाऊन लपला. कारण रात्री तेथे शोधावयास कोणी येणार नाही हे त्यास ठाऊक होते. कबरस्थानाला लागूनच हेरियट नावाची शाळा आहे. पोरक्या व गरीब मुलांसाठी ती स्थापिलेली होती. हा मुलगाही पूर्वी तेथेच शिकलेला. मुलांनी आपल्या जेवणातून भाकरी वाचवून, रोज रात्री त्या काळ्या दारापाशी जाऊन, त्यास आत दिल्या. हीच मुले दिवसा त्या दारावर यमक ओरडून पळत असतील. सहा आठवडे असे चालले, मग शोध थंडावला, आणि तो परदेशी जाणाऱ्या एका जहाजावर चढून गेला, असे सांगतात.